नवा म्हणून विकलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. पण माझं दुखणं वेगळंच आहे. रस्त्यावर एक पाऊलही टाकलं नव्हतं, तेव्हाच मी जुना झालो होतो.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या कुशीवर चार आकडे उमटले होते, १४१६. म्हणजे दोन हजार सोळा सालातला चौदावा आठवडा. ही माझी जन्मतारीख. तिथून एका दुकानात आलो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर जो पडलो, तो चांगली सात वर्षं. उन्हाळ्यात तिथं जीव नुसता शिजायचा. रबर कडक होत चाललं होतं. दुकानदार मात्र अधूनमधून मला काळं पॉलिश फासायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

मग शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅनवाल्या ताई आल्या, सोबत त्यांच्या सासूबाई. ताईंनी माझ्या अंगावरचे बारीक रबरी केस चाचपले. "केस शाबूत आहेत, म्हणजे कोराच आहे," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "अहो, पण हा बनलाय कधी? औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो, तशी याचीही बघावी ना."

"आजी, टायर म्हणजे काय दूध आहे नासायला?" दुकानदार हसला. ताईही हसल्या. सासूबाईंनी ओशाळून चष्मा डबीत ठेवून दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला कुठलं तोंड? त्यातून आकड्यांची बाजू आत करून मला चाकावर चढवलं. झालं, विषयच संपला.

पाच महिने मी इमानेइतबारे पळालो. भेगा पडत होत्या, त्याही आतल्या बाजूला. एका दुपारी उतारावर माझी वरची पट्टी सोलून निघाली. व्हॅन हेलकावली. आत सात मुलं होती. ताईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं, घाईनं ब्रेक दाबला नाही आणि गाडी अलगद कडेला आणली. कुणाला साधं खरचटलंही नाही.

शाबासकी मिळायला हवी होती की नाही? उलट पालक म्हणाले, "बाईंना गाडी आवरत नाही." शाळेनं काम दुसऱ्याला दिलं. आता मी ताईंच्या मागच्या दाराशी भिंतीला टेकून असतो. "माझंच लक्ष नसणार," असं त्या सासूबाईंना सांगतात, ते मला रोज ऐकू येतं.

मित्रांनो, नवा टायर घेताना जरा खाली वाका आणि ते चार आकडे वाचा. मोठ्यांनी हसून उडवून लावलं, तरी वाचाच. आणि त्या सात मुलांपैकी कुणी इथं असेल, तर आज घरी जाऊन सांगा, की खोट टायरमध्ये होती आणि ताईंनी आम्हाला वाचवलं. मला ते सांगता येत नाही.