उसनी झडप

आमच्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत एक रीत आहे. निघायच्या बेतातल्या जहाजाचा एखादा भाग मोडला आणि नवा मिळेना, की दुरुस्तीला आलेल्या जहाजाचा काढून द्यायचा. म्हणून दुरुस्तीतल्या जहाजाचे खलाशी आपले भाग लपवून ठेवतात. त्यांना कुणी बोल लावत नाही. शोधायला गेलेल्यानं हात हलवत येऊन 'नाही सापडला' म्हटलं, तर त्यालाही नाही.

त्या दिवशी शोधायला मी होते.

पलीकडे नॉरफोकला विमानवाहू जहाज खोळंबलं होतं. पंचवीस वर्षं पुरेल एवढं अणुइंधन पोटात, आणि अडलं होतं विमानं भिरकावणाऱ्या वाफेच्या एका झडपेपायी, व्हॉल्व्हपायी. नवी घडून यायला कित्येक महिने. माझा जावई डेझमंड त्याच जहाजावर, आणि लेकीचे, रोशेलचे, दिवस भरलेले. झडप मिळाली तर जहाज शुक्रवारी निघणार. नाही मिळाली तर बाप बाळाचं तोंड बघून जाणार.

सकाळीच रोशेलचा फोन आला. "आई, तुझे गुडघे दुखतात ना? मग जरा हळूच शोध."

"माझ्या गुडघ्यांना मध्ये घालू नकोस," मी म्हटलं. पण कॉफी तशीच टेबलावर ठेवून निघाले.

सोबतीला ओडेल होता, आमचा अवजड सामान उचलणारा. त्याची बायको इव्हॉन समुद्रावरच्या जहाजावर. नॉरफोकचं जहाज बदलीला तिथं पोचल्याशिवाय तिचं घरी येणार नव्हतं, आणि येणं आधीच दोनदा पुढं गेलं होतं. ओडेल एवढंच म्हणाला, "मिस व्हर्लीन, तुम्ही वेण्या कशा घालता? माझ्या पोरीच्या सगळ्या एकाच बाजूला जातात."

"केसांना दोष दे," मी म्हटलं. "बाप लोक तेच करतात."

इंधन बदलायला आमच्या गोदीत आलेल्या तसल्याच जहाजावर तिथल्या खलाशांचा मुकादम, चीफ प्रुइट, वाट अडवूनच उभा. "पंप नेलात, पंखे नेलेत. आता जहाजाचं नाव तेवढं ठेवा, बाई."

"नावाची मागणी अजून आलेली नाही, चीफ."

झडपेच्या जागी नुसतं भोक. ओडेल धुलाईखान्याकडे गेला, मी वर-खाली करत राहिले. शेवटी जहाजावरच्या बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानात शिरले. खुर्चीवर पांढरी चादर पांघरून कुणी तरी बुटकं बसलं होतं. चादरीची कड उचलली. झडप. तोंड चकचकीत, एक ओरखडा नाही.

प्रुइट दारात आला. "इथं काही नाही, बाई," तो हळू आवाजात म्हणाला.

मी चादर सोडून दिली. खरंच काही नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ तयार झाली होती. तेवढ्यात बाहेरून ओडेल म्हणाला, "धुलाईखान्यात नाही. तिकडे मिळाली का?" असं विचारलं त्यानं, जसं कुणी दुसऱ्याच्या घरातलं मीठ मागतं.

मी चादर ओढून काढली. "ये. झडपेच्या तोंडाला फडकं बांध आधी, मग उचल."

"म्हणजे तुम्हीसुद्धा नेणारच," प्रुइट मला म्हणाला.

"माझा जावई आहे त्या जहाजावर," मी म्हटलं. "बाळ या आठवड्यात होईल."

तो दारातून बाजूला झाला. खिशात हात घालून त्यानं झडपेच्या बोल्टांची पुरचुंडी माझ्या तळहातावर ठेवली. "हे नसतील तर उद्या परत याल."

धक्क्यावर उतरते तोच फोन. रोशेल.

"आधी बस," मी म्हटलं.

"बसता येत नाही मला. सांग."

"मिळाली. मीच काढली."

मग ती म्हणाली, "संध्याकाळी ये तू. पण आज माझ्याशी बोलू नकोस."

"येते," मी म्हटलं.