धुराड्यावरचं पांघरूण

"दिवे कधी गेले?" इंजिनियर बाईंनी विचारलं.

"पहाटे," मी म्हणालो. भट्टीवर पाळी माझी होती, टाळाटाळ करून जाणार कुठे?

आमच्या शेडमधले दिवे भट्टीच्या धुराड्यावर बसवलेल्या पट्ट्यांवर चालत. वाया जाणाऱ्या धगीची वीज, म्हणून साहेब पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात दाखवत. पट्ट्यांची राखण दुलईदादाकडे. जन्मभर त्याने कारखान्यातले गरम नळ धग अडवणाऱ्या काचेच्या लोकरीत गुंडाळले, म्हणून हे नाव. त्या लोकरीच्या धुळीने त्याच्या छातीची चाळण केली. पुन्हा लोकरीला हात लावलात तर जगणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा हे हलकं काम मिळालं. तेही पट्ट्या चालतील तोवर. घरी माघारी आलेली लेक आणि तिचं तान्हं, मिळवता हा एकटा.

बाईंच्या मागोमाग आम्ही लोखंडी जिना चढलो. पट्ट्यांची बाहेरची पाती दिसतच नव्हती. त्यांवर लोकर, लोकरीवर पत्रा, तारेने आवळलेला, बोट शिरायला फट नाही. मला आधी कौतुकच वाटलं. अक्कल बघा माझी.

"हे कोणी केलं?"

"मीच, ताई." दादा शाबासकीच्या आशेने उभा होता. "काल वारा सुटला होता. सगळी धग उडून चाललेली, बघवेना. म्हटलं, जपून ठेवली तर दिवे आणखी लख्ख लागतील."

बाई पायरीवरच बसल्या. "दादा, धग या बाजूने शिरून त्या बाजूने बाहेर पडते, तेव्हाच वीज होते. आतली बाजू तापलेली हवी, बाहेरची गार. तुम्ही दोन्ही सारख्याच तापवल्यात."

"म्हणजे जाऊ द्यायची होती?"

"हो. मी सांगायला हवं होतं."

"मग काढतो की. त्याला काय लागतंय?"

त्याने पक्कड घेतली, सगळं सोडवलं. पाती गार झाली, दिवे लागले नाहीत. कोंडलेल्या धगीने आतले सांधे वितळून गेले होते.

आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "नव्या पट्ट्या मिळणार नाहीत," ते म्हणाले. "लोकरीच्या टोळीत एक माणूस कमी आहे. तिथे जाता, की घरी बसता?"

"त्यांची छाती..." बाई म्हणाल्या.

"म्हणूनच विचारतोय."

थोबाडीत द्यावीशी वाटली मला. पण मलाही पोरंबाळं आहेत, हात खिशातच राहिला.

"जातो टोळीत," दादा म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "मरशील रे दादा."

"घरी बसून कोण अमर झालंय? फक्त लेकीला बोलू नकोस. हलकंच काम चाललंय म्हणायचं."

दुपारी त्याच्यासाठी पाणी घेऊन गेलो. तोंडाला फडकं बांधून तो वाफेच्या नळावर लोकर बसवत होता. उबळ आली की हात थांबायचे, ओसरली की पुन्हा चालू. मला बघून त्याने फडकं खाली ओढलं.

"हात लाव इथे."

मी लावला. आतून वाफ धडधडत होती, आणि बाहेरून नळ गार होता.