टपावरच्या दोन होड्या

धैर्यशील गेला त्याला चार महिने झाले, तरी त्याच्या दोन्ही कयाक उचगावच्या घराच्या गच्चीवर तशाच पालथ्या पडून होत्या. एक पिवळी, एक निळी. तो पाण्यात बुडून गेला असता तर त्यांच्याकडं बघवलं नसतं. पण त्याला डेंग्यूनं नेलं, ऐन ऑगस्टात, नऊ दिवसांत. होड्यांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांचं आता करायचं काय, एवढाच प्रश्न होता आणि त्याच्या बायकोनं, संयोगितानं, तोही मनावर घेतला नव्हता. ती शाळेत जायची, पाचवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायची, घरी येऊन वह्या तपासायची, वाढलेलं जेवायची, रात्री डोळे उघडे ठेवून पडून राहायची. कुणी डोळ्याला पदर लावून जवळ आलं की तिला वाटायचं, आपणही रडायला पाहिजे. पण आत चाचपून बघितलं तर हाताला काही लागायचंच नाही.

डिसेंबरात राजवीरचा फोन आला. हा धैर्यशीलचा कॉलेजातला मित्र; गगनबावड्याच्या बाजूला एका धरणाकाठी त्यानं पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या होत्या. कयाक पडूनच असतील तर द्याल का, असं त्यानं चाचरत विचारलं. संयोगिता लगेच हो म्हणाली. तो टेम्पो पाठवतो म्हणत होता, तर तिनं नको म्हटलं, मीच आणून देते म्हणाली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी तिनं जुन्या अल्टोच्या टपावर होड्या चढवल्या. गाडी अकरा फुटांची, होड्या बारा फुटांच्या. खाली गादीचे तुकडे, वर दोन पट्टे, पुढच्या टोकापासून बंपरपर्यंत नायलॉनची दोरी. हात आपोआप चालत होते. पट्टे आवळून होतात तोवर सासरे, गणपतराव, टोपी घालून गाडीपाशी येऊन उभे राहिले. तिनं त्यांना बोलावलं नव्हतं. तेराव्यानंतर दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं. ते पुढच्या सीटवर बसले.

कोल्हापुरातून जाताना लोक माना वळवून बघत होते. रंकाळ्याजवळच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं खिडकीतून वाकून विचारलं, पावणं, पूर तर ओसरला की, आता हे कुठं न्यायलाय? गणपतरावांनी समोर बघत गगनबावड्याला म्हणून सांगितलं. शहर सुटून गाडीनं वेग घेतला तशी टपावर मोठी घूं घूं सुरू झाली. संयोगितानं गाडी कडेला घेतली, दोन्ही पट्टे सोडून एकेक पीळ देऊन परत आवळले. सपाट पट्टा वाऱ्यात गातो, पीळ दिला की गप्प बसतो. धैर्यशीलनंच शिकवलं होतं. हे आठवूनही तिला काही झालं नाही.

कळे गावाच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर समोरून आला. दोन ट्रॉल्या, दोन्ही रस्त्यावर ओसंडलेल्या. त्याच्या वाऱ्याच्या झोतानं पुढची दोरी फटकन तुटली आणि निळ्या होडीचं नाक काचेसमोर हेलकावलं. संयोगितानं न घाबरता ब्रेक दाबला. घाबरायला हवं होतं, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

गणपतराव खाली उतरले. तुटलेलं टोक बघितलं, रस्त्यापलीकडं गुऱ्हाळ होतं तिथं गेले आणि एक जुना कासरा मागून आणला. बैलाला लावायचा दोर, सहजी न तुटणारा. उसाची ट्रॉली बांधावी तसं त्यांनी होडीचं नाक बांधायला घेतलं. पाय बंपरला लावून दोर ओढला आणि मान वर न करता बोलले.

"सहा वर्सं पोरगं रविवारचं शेताकडं फिरकलं न्हाय. तुला पाणी पायजे हुतं ना दर रविवारी."

संयोगिता दोराचं दुसरं टोक धरून उभी होती. ही गोष्ट त्यांच्या मनात इतकी वर्षं होती, हे तिला आत्ता कळत होतं.

"मला पोहता येत नाही, मामा," ती म्हणाली. "पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून."

त्यांचे हात थांबले. "मग बसायचीस कशाला?"

"ते एकटेच गेले असते म्हणून."

 गणपतरावांनी तीच गाठ सोडून पुन्हा, अधिक घट्ट मारली. दोघं गाडीत बसली. 

धरणावर राजवीर आणि त्याच्याकडची कामाची पोरं वाट बघत होती. होड्या उतरवल्या, वल्ही काढली. पाणी स्थिर होतं. राजवीरनं तिला विनंती केली की, ताई, एकदा बसून दाखवा, म्हणजे पोरांना कळेल. तो चांगुलपणानंच बोलत होता, तिला बरं वाटेल असंच त्याला वाटत असणार. संयोगिता चप्पल काढायला वाकली. सवयीनंच वाकली, बसलीही असती. तेवढ्यात गणपतराव पुढं झाले.

"ती न्हाय बसणार," ते म्हणाले. "तिला पाण्याचं भ्या वाटतंय."

राजवीर गोंधळून हसला, मग बरं म्हणाला. संयोगितानं काठावर उभं राहून पोरांना सगळं सांगितलं: होडीत आधी बूड टेकायचं, मग पाय घ्यायचे, लाइफ जॅकेटशिवाय कुणाला सोडायचं नाही. निळी होडी पाण्यात गेली, पिवळी तिच्या मागून. ती बघत राहिली. 

जेवून परत निघाले. टप मोकळा होता, गाडी हलकी चालत होती. बराच रस्ता गेल्यावर गणपतरावांनी खिडकीतून बाहेर बघतच विचारलं.

"भ्या वाटत असताना मग पाण्यात डोळं मिटून बसायचीस?"

"नाही. त्यांच्या पाठीकडं बघत जायचे."

ते हुंकारले. एवढ्याशा बोलण्यानं संयोगिताला दम लागला होता, तिनं काच खाली केली.

घरी पोचले तेव्हा दिवस अजून वर होता. सासूबाईंनी, बाळाबाईंनी, दारातच विचारलं की होड्या पोचल्या का नीट. गणपतरावांनी होय म्हणून सांगितलं आणि पुढं म्हणाले, उद्यापासून सकाळी शाळेपर्यंत मी हिच्यासंगं जातो, मला तसाबी तिकडं फेरफटका हुतोय. बाळाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.  संयोगिता हातपाय धुऊन उरलेल्या वह्या घेऊन बसली. चौथ्या वहीपाशी लाल पेन तसंच हातात ठेवून तिला बसल्या जागी झोप लागली.