ठेवण्याचं कारण

टेपचं एक टोक लेकीच्या हातात देऊन गोदामकाका समोरच्या भिंतीकडे निघाले, पण मध्ये सायकली उभ्या असल्यामुळे टेप सरळ जाईना. त्यांनी ती काळ्या सायकलच्या सीटवरून नेली, लालच्या हँडलखालून काढली, भिंतीला टेकवली आणि चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला. बारा फूट दोन इंच. लेक म्हणाली की टेपला मध्ये चांगलं हातभर पोट आलंय, खरं माप बारासुद्धा भरायचं नाही.

"बारा धर," काका म्हणाले. "बारातून पलंगाचे साडेसहा गेले."

"आणि आईच्या दोन्ही बाजूंना उभं कोण राहणार? मी की सायकली?"

 काका टेप गुंडाळत राहिले.

बाहेरच्या खोलीत सहा सायकली होत्या. गुरुवारी त्याच खोलीत आजारी काकूंसाठी दवाखान्यातला असतो तसला, डोक्याकडून वर उचलता येणारा पलंग यायचा होता, आणि त्याच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन. काकूंची नेहमीची खोली आतली, पण तिचं दार अरुंद, पलंग आत शिरला नसता. शिवाय बाथरूम बाहेरच्या खोलीला लागून. म्हणजे वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. तरी काका दोन दिवस वाद घालत होते.

गोदामकाका हे नाव त्यांना अख्ख्या इमारतीनं दिलेलं. बाटल्यांच्या कारखान्याच्या गोदामात त्यांनी तीस वर्षं काढली होती. तिथला रिवाज असा की फळीवरच्या प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी सुतळीनं बांधलेली असायची: वस्तू काय, आली कधी, ठेवली कशासाठी. वर्षाच्या शेवटी मोठे साहेब फळ्या पाहत फिरायचे आणि जिच्या चिठ्ठीवर ठेवण्याचं कारण नसेल ती वस्तू सरळ भंगारात जायची. काकांच्या ताब्यातली एकही वस्तू तीस वर्षांत बिनकारणाची निघाली नाही. कारणं शोधण्यात त्यांचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं, आणि साहेबांनाही ते ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर हा रिवाज काकांनी घरी आणला आणि तो सायकलींच्या गळ्यात पडला. काळीच्या हँडलला चिठ्ठी होती, 'रोजची'. ही कारखान्यात जाण्यायेण्याची. कारखाना सुटला तरी तिचं रोज काही सुटलं नाही, काका भाजी आणायलाही तीच काढत. लाल सायकल लेडीज, काकूंसाठी हौसेनं घेतलेली. काकूंनी ती अकरा दिवस चालवली आणि बाराव्या दिवशी सांगितलं की पाय दुखतात, मी आपली चालत जाईन. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'तिला पुन्हा वाटलं तर'. तिसरीला चाकंच नव्हती, ती 'सुट्या भागांसाठी'. चौथी गिअरची, 'चढासाठी', आणि गाव पाहाल तर ताटासारखं सपाट, चढ म्हणून काय तो पुलाचा. पाचवी घडीची, 'प्रवासासाठी'. सहावी हिरवी, अगदी कोरी, 'काळी बिघडली तर'.

"काळी कधी बिघडली?" लेकीनं एकदा विचारलं होतं.

"नाही बिघडली. ही आहे म्हणून."

पूर्वी अशा उत्तरांवर घरात हशा पिकायचा. काकू तर आल्यागेल्याला चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या की बरं आहे, माझ्या गळ्यात अजून बांधली नाही. यंदा कोणी हसत नव्हतं. लेकीच्या लक्षात एक गोष्ट उशिरा आली होती, की शेवटच्या तिन्ही सायकली दीड वर्षातल्या होत्या. गिअरची आली ती आईचा पहिला रिपोर्ट आला त्या संध्याकाळी. घडीची आली ऑपरेशनच्या आठवड्यात. हिरवी आली तेव्हा आजार उलटला होता आणि आईला धाप लागायला सुरुवात झाली होती. लेकीला याचा राग होता. माणूस तिकडे दवाखान्यात झुरतंय आणि हा गृहस्थ सायकलच्या दुकानात घंट्या वाजवून बघतोय, असं ती नवऱ्याजवळ बोललीही होती.

तिला ठाऊक नव्हतं ते असं, की दुकानदार प्रत्येक सायकल देताना एकच वाक्य बोलायचा: घेऊन जा काका, दहा वर्षं बघायला नको. ते वाक्य ऐकण्यासाठी काका दुकानात जायचे. दिवसभर ज्या माणसाला पुढच्या आठवड्यापलीकडचं कोणी काही सांगत नाही, त्याला दहा वर्षांची गोष्ट ऐकून रस्ता ओलांडण्याइतकं बळ यायचं. पण हे कारण पुठ्ठ्यावर लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी 'चढासाठी' लिहिलं.

आणखीही एक गोष्ट लेकीला ठाऊक नव्हती. मागच्या सोमवारी ती औषधं आणायला खाली गेली असताना डॉक्टरांनी काकांना व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि एक आकडा सांगितला. महिन्यांचा. काकांनी तो पोटात ठेवला. काकूंना सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की घरी गेलीस की बरं वाटेल, अंगात ताकद येईल, मग पुढचं पुढे पाहू. तो आकडा काकूंना कळू नये, एवढी एकच गोष्ट काकांच्या हातात उरली होती. बाकी सगळं इतरांच्या हाती गेलं होतं, त्यांचं घरसुद्धा.

बुधवारी सकाळी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हातगाडी घेऊन आला. लेकीनंच त्याला सांगून ठेवलं होतं. काकांनी त्याला चहा दिला आणि मग एकेक चिठ्ठी समजावून सांगायला घेतली. पंक्चरवाला भला माणूस, तो मान डोलावत राहिला. शेवटी त्यानं स्वतःच हिरवी उचलली आणि दोन मजले खाली नेऊन गाडीवर ठेवली. काका मागोमाग उतरले. त्यांनी हवा किती ठेवायची ते सांगितलं, ब्रेकचं सांगितलं, घंटी उन्हात तापते म्हणून सावलीत लाव म्हणाले. मग हँडलवरची चिठ्ठी सोडवायला गेले तर सुतळीची गाठ सुटेना. गाठ त्यांचीच होती, गोदामातली, ओढल्यावर आणखी घट्ट बसणारी. पाच मिनिटं झटापट करून त्यांनी सायकल गाडीवरून उतरवली, खांद्यावर घेतली आणि धापा टाकत वर आणली. पंक्चरवाला रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

संध्याकाळी लेकीनं दारातूनच मोजल्या. सहाच्या सहा.

"बाबा, तिला जागा हवी आहे. बाकी काही मागत नाही ती."

"होईल जागा."

आणि जागा झाली. काकांनी इमारतीच्या सुताराला बोलावून भिंतीत जाड लोखंडी खुंट्या ठोकून घेतल्या. चार सायकली पुढचं चाक वर करून टांगल्या, बिनचाकाची आणि घडीची अशा दोन आतल्या खोलीत कपाटामागे सरकवल्या. फरशी मोकळी झाली. काकांनी ती दोनदा पुसली. पलंगाचे चार पाय कुठे येतील तिथे खडूनं खुणा केल्या आणि त्या खुणांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. इतकी मोकळी जागा त्या खोलीत त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि ती पाहून त्यांना रडू आलं. आत लेक पोळ्यांची कणीक मळत होती म्हणून त्यांनी नळ सोडून तोंड धुतलं.

गुरुवारी पलंग आला. पलंगवाल्यानं फॉर्म पुढे केला, भाड्यानं किती महिने ठेवणार ते भरून द्या म्हणाला, तारीख टाकावीच लागते. काकांनी टाकली. मग तो माणूस पलंगाचे नट आवळत बसला आणि काकांना हाताला काही काम हवं होतं. बाहेरून आलेली वस्तू आपल्या मालात मिसळू नये म्हणून गोदामात तिला लगेच चिठ्ठी बांधत. काकांनी कपाटातून पुठ्ठा काढला, सुबक अक्षरात लिहिलं आणि उशाकडच्या गजाला सुतळीनं बांधून टाकलं. आपण काय केलं हे त्यांच्या मनातही आलं नाही. तीस वर्षं हात जे करत आला ते त्यानं केलं.

दुपारी दोघा माणसांनी काकूंना खुर्चीत बसवून वर आणलं. पलंगावर टेकवल्यावर त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. चार सायकली डोक्यापाशी लटकत होत्या.

"पडणार नाहीत ना?"

"एकेक खुंटी चाळीस किलो झेलते," काका म्हणाले.

"मग मलाही टांगता येईल."

लेक म्हणाली, "आई, काहीतरीच काय." काकू हसल्या, पण हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि ती थांबायला बराच वेळ लागला.

पुढचे दिवस तसेच गेले. लेक सकाळी येऊन आंघोळ घालून कामाला जायची. काका औषधं द्यायचे, पलंगाचा दांडा फिरवून पाठ उचलायचे, पेज भरवायचे. काकू दोन चमचे घेऊन मान फिरवायच्या. मशीन दिवसभर घरघरत असे आणि काका त्या आवाजावर कान ठेवून बसलेले असत. थोडं जरी वेगळं वाजलं तरी ते उठून उभे राहायचे. उठून करायचं काय, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी काकूंना पुन्हा तशीच उबळ आली. काकांनी त्यांना धरून बसवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि फिरवताना त्यांची नजर वर गेली. सायकलींच्या चाकांवर धूळ होती. साखळ्यांना जुन्या तेलाचा वास होता. दीड वर्ष लेक कानीकपाळी ओरडत होती ते एकदम त्यांच्या अंगावर आलं. ज्या छातीत श्वास मावत नाही तिच्या डोक्यावर आपण हा पसारा टांगून ठेवला, आणि कशासाठी, तर चढासाठी. त्यांना स्वतःची शिसारी आली.

काकू उशीवर टेकल्यावर ते म्हणाले की उद्या सकाळी पंक्चरवाल्याला बोलावतो. सगळ्या देऊन टाकतो. आतल्याही.

काकूंनी डोळे मिटूनच मान हलवली.

"राहू द्या. काढू नका."

"तुला धुळीचा त्रास होतो."

"पलंग जाणारच आहे की. मग एवढ्या मोठ्या खोलीत तुम्ही एकटे काय करणार?"

काकांनी घाईघाईनं म्हटलं की पलंग कुठे चाललाय, हवा तितके दिवस राहील, तू बरी होईपर्यंत राहील. ते आणखीही काही बोलले असते, पण काकूंनी हात मागे नेऊन उशाकडचा गज चाचपला आणि त्याला बांधलेली चिठ्ठी दोन बोटांत धरून पुढे केली. सुतळी जेमतेम पुरली. आपलं अक्षर काकांना दुरूनही वाचता आलं. 'पलंग. भाड्याचा.' त्याखाली आल्याची तारीख, आणि त्याखाली, रेघ मारून, परत करण्याची.

"परवा हाताला लागली," काकू म्हणाल्या. "मला आधी वाटलं, सायकलीचीच खाली पडली."

 पलंगवाला तीनच महिन्यांसाठी देतो, फॉर्मच तसा असतो, पुढे वाढवून मिळतो, अशी तीन कारणं काकांपुढे लगेच उभी राहिली, तिन्ही चांगली, साहेबांनाही पटली असती अशी. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू वाट पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"ही तारीख त्या माणसानं दिली, की तुम्ही टाकलीत?"

"मी टाकली."

"डॉक्टरांनी सांगितली म्हणून?"

मशीन घरघरत होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. काका पलंगाच्या कडेला बसले; काकूंचे पाय इतके बारीक झाले होते की ते सरकवावे लागले नाहीत.

"ते दोन म्हणाले होते," काका म्हणाले. "मी तीन लिहिले."

 काकूंनी चिठ्ठी हळूच सोडून दिली आणि हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला.

"म्हणजे एक जास्तीचा ठेवलात."

"हो."

"असू द्या," काकू म्हणाल्या. "लागेल."