मॅडमचा नंबर

खाडीच्या गाळावर काम करणाऱ्या संशोधकांच्या एका संस्थेला पंचवीस वर्षं होत होती. त्यानिमित्त या विषयातल्या आघाडीच्या पन्नास शास्त्रज्ञांचा सत्कार करायचं ठरलं. रुसवेफुगवे नकोत म्हणून निवड आकड्यांवर: कुणाच्या शोधनिबंधांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला, तेवढंच बघायचं. मोजायचं काम तेजश्री खिल्लारेच्या गळ्यात पडलं. ती संस्थेतली सगळ्यात तरुण, खारी गावात आईवडिलांबरोबर राहणारी.

मोजणी झाली आणि तेजश्री चरकली. उर्मिला म्हात्रे मॅडम पन्नासांत नव्हत्या. त्यांचा नंबर होता एकशे बारावा.

गाळाचा नमुना कसा काढायचा हे तेजश्रीला मॅडमनीच शिकवलं होतं. प्लास्टिकचा पाइप उभा चिरायचा, दोन्ही अर्धुकं बांधून चिखलात खुपसायची, वर काढून मटारच्या शेंगेसारखी उघडायची. आत गाळाचे थर जसेच्या तसे. आज सगळे असेच नमुने काढत होते. पण मॅडमनी ती पद्धत छापली कॉलेजच्या छोट्याशा अंकात, आणि तो अंक इंटरनेटवर कुठेच नव्हता. पुढे परदेशातल्या कुणी त्या पद्धतीवर निबंध लिहिला, मॅडमचं नावही दिलं; तेव्हापासून लोक त्या निबंधाचा संदर्भ देऊ लागले. आता तर तोही कुणी देत नसे. ‘चिरलेल्या पाइपने नमुने घेतले’ एवढं लिहून पुढे जात.

तिनं संस्थेचे अध्यक्ष जितेश सरांना फोन केला.

“अगं, नियम आपणच ठरवला ना?” सर म्हणाले. “एकीसाठी वाकवला तर बाकीच्यांना काय सांगायचं?”

सरांचं चूक नव्हतं. आमंत्रणं सोमवारी जाणार होती. त्याआधी आपण स्वतः सांगावं म्हणून रविवारी सकाळीच ती मॅडमच्या गावी, मुर्ध्याला गेली.

मॅडम ओट्यावर पेपर वाचत होत्या. शेजारी त्यांच्या वहिनी, इंदूबाई, जवळा निवडत होत्या. तेजश्री बसते न बसते तोच मॅडमनी विचारलं, “यादी झाली म्हणे. मी कितवी?”

मॅडम हसून सोडून देतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

“एकशे बारावी, मॅडम.”

मागच्या बांधकामावर मिक्सर घरघरत होता.

“पहिल्या दहांत असेन असं वाटलं होतं मला,” मॅडम म्हणाल्या. “निदान विसांत. मोजताना काही राहिलं नाही ना?”

“पुन्हा पुन्हा बघितलं.”

“मग बरोबर आहे.” त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

“काय जाला गो?” इंदूबाईंनी हलक्या आवाजात विचारलं. “तोंड उतरलाय तिचा.”

तेजश्रीनं समजावून सांगितलं. इंदूबाईंनी जवळ्यातला कचरा बाजूला टाकला आणि म्हणाल्या, “गेल्या म्हयन्यानपन चिखलान उतरली व्हती. गुडगं दुखतान, पन आयकत न्हाय.”

“अजून नमुने काढतात?”

“दर वरसाला काढतंय. मागल्या खोलीन पाय ठेवाला जागा न्हाय.”

मॅडम चहा घेऊन आल्या तेव्हा तेजश्री उभीच होती. “मॅडम, मागची खोली बघू?”

खोलीत भिंतीला टेकवून पाइपच पाइप उभे होते, एकेकाला वर्षाची चिठ्ठी. मिठागरं चालू होती तेव्हापासून इमारती उठेपर्यंतचा मुर्ध्याच्या खाडीचा गाळ.

“हे छापलं का नाही तुम्ही?”

“रिटायर झाल्यावर कोण विचारतं? सवय लागली म्हणून काढते.”

“तुमचा जुना निबंध नेटवर टाकू असं सुचवणार होते,” तेजश्री म्हणाली. “पण मॅडम, हे आधी लिहू या.”

मॅडमनी एका पाइपावरची सुटलेली चिठ्ठी दाबून बसवली. मग म्हणाल्या, “लिहायचं तर मीच लिहिणार. तुझ्या वाक्यांना शेंडाबुडखा नसतो.”

सत्काराचा कार्यक्रम झाला. मॅडम गेल्या नाहीत. त्या संध्याकाळी दोघी मागच्या खोलीत थर मोजत होत्या. पावसाळाभर तेजश्री रविवारी मुर्ध्याला जात राहिली. मॅडम खोडायच्या, पुन्हा लिहायच्या, निबंध तपासणाऱ्या परीक्षकांच्या शंकांवर चिडायच्या आणि रात्रीतून उत्तरं काढायच्या. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. पहिलं नाव उर्मिला म्हात्रे, दुसरं तेजश्री खिल्लारे.

त्यानंतर मॅडमना नवाच नाद लागला. रोज सकाळी फोनवर बघायचं, कुणी संदर्भ दिला का. एकदा तेजश्री डबा भरत असताना त्यांचा फोन आला.

“अगं, आज आणखी एक आला. पोर्तुगालचा आहे कुणी. ओळखतेस?”

“नाही, मॅडम.”

“मीपण नाही. पण नीट वाचलंय त्यानं, वरवर नाही. आकृतीतली एक चूकही काढलीय.” त्या हसत होत्या. “मी ईमेल टाकलाय त्याला. विचारलंय, तुमच्याकडचा चिखल किती खोल आहे?”