तळाची मूठ

अंगठ्याच्या नखात बाजरीचा एक दाणा अडकला होता. करडा, टोकाशी जरा फिकट… आणि सावळीराम कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसता पाहत राहिला, जणू तो दाणा आपल्या नखात नसून कुठे लांब, नदीपलीकडच्या एखाद्या शेतात पडला आहे. खांद्यावरची झोळी त्याने सिताराबीच्या ओट्यावर टेकवली होती. सिताराबी गाडगे आणायला आत गेली होती. ऊन कोवळे होते, गंगापूर रस्त्याच्या कडेच्या बागांतून पिकल्या पेरूंचा गोडसर, किंचित आंबूस वास येत होता, आणि अशा उन्हात माणसाला आपण जागे आहोत की नाही याचीही फारशी फिकीर राहत नाही. पण दाणा नखात गेलाच कसा? गाडगे कलते केले की धान्य आपसूक झोळीत पडते. नखात दाणा जायचा तर बोट तळाशी न्यावे लागते, खरवडावे लागते. आणि तळ तर त्याने आजवर कधीच…

कुसाबाईचे गाडगे! सकाळचे पहिलेच घर. आपण ते पार उपडे केले, तळही बोटाने खरवडला, आणि रिकामे करून तिच्या हातात दिले.

सावळीराम नाशकातल्या एका अनाथाश्रमाचा मुष्टिफंड गोळा करी. घरोघर एकेक गाडगे ठेवलेले, त्याच्यावर गेरूने आश्रमाचे नाव. घरच्या बाईने स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ त्यात टाकायची आणि आठवड्याने सावळीरामने येऊन ते घेऊन जायचे. त्यातला ठरलेला वाटा त्याचा, बाकीचे पोरांचे. लोक त्याला मुठीवाले म्हणत, आणि खरे सांगायचे तर त्याला ते नाव आवडे. पण गाडगे पूर्ण रिकामे करायचे नाही, एक मूठ तळाशी ठेवायचीच, असा दंडक होता. तळाची मूठ घराची राखण करते. या रस्त्यावरच्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होते, आणि कुसाबाईला तर फारच.

फक्त हा दंडक कुठून आला ते एकट्या सावळीरामला ठाऊक होते. सुरुवातीच्या दिवसांत बायका महिनाभर हौसेने मूठ टाकीत, मग गाडगे कोपऱ्यात जाई, मग त्यात मीठ ठेवले जाई. रिकामे भांडे दिसले की बाई त्याला दुसरे काम लावणारच, त्यात तिची काही चूक नाही. एके दुपारी सिन्नरच्या वाटेवरच्या एका घरी बाईने ‘न्या तुमचं हे’ म्हणून गाडगे पुढे केले, आणि त्याच्या तोंडून—अगदी न ठरवता, जांभई यावी तसे—निघून गेले, “रिकामं नका देऊ बाई. तळाची मूठ राहू द्या. ती घराची राखण करते.” बाईने झटकन हात मागे घेतला. त्या रात्री त्याला स्वतःच्या हुशारीचे हसू येत राहिले. पुढे तो हे दारोदार सांगू लागला, आणि थोड्याच वर्षांत एका म्हातारीने, आपल्या आजेसासूपासून चालत आलेली गोष्ट म्हणून, ती त्यालाच समजावून सांगितली. त्याने मान डोलावून ऐकून घेतली. काय करणार?

“मुठीवाले भाऊ, झोळी पसरा की!” सिताराबी समोर उभी होती. तिचा नवरा निसार टांगा हाकी, आणि मूठ टाकायची राहिली की ही दुसऱ्या दिवशी दोन टाकी. सावळीरामने झोळी पसरली. तांदूळ सरसरत खाली आले. तळाशी मूठभर उरले तसा त्याने हात आडवा धरला, जरा जास्तच घाईने.

“आज पोरांचं काही सांगितलं नाय ते?”

एरवी तो सांगे. हरसूलकडून आलेली एक मुलगी उशीखाली भाकरीचा तुकडा ठेवून झोपते, उद्या मिळेल की नाही या भीतीने… हे सांगताना त्याचा आवाज एका जागी किंचित फुटे, आणि बायका डोळ्यांना पदर लावीत. ती मुलगी त्याने पाहिली होती. पाहिली होती ना? की कुणी सांगितले होते? उशी कुठली, आश्रमात पोरांना उशा नव्हत्याच. इतक्या उंबरठ्यांवर ती मुलगी झोपली होती की आता तिचा चेहरा गोळा होईना.

“बरी आहेत पोरं,” तो म्हणाला आणि झोळी उचलून चालू लागला.

तो आवाज. सगळे त्या आवाजावरूनच झाले. सकाळी धाकट्या मुलीला कढत ताप होता. तिच्या कपाळावर हात ठेवून तो म्हणाला, “बरं वाटेल हं बाळा, देव आहे”—आणि नेमक्या त्याच जागी आवाज किंचित फुटला. चुलीशी बसलेली त्याची बायको, मंगलाबाई, वळूनसुद्धा न पाहता म्हणाली, “तो आवाज चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत जा.” ती रागावली नव्हती. मीठ कमी आहे म्हणावे तसे म्हणाली होती. तो झोळी घेऊन बाहेर पडला, आणि वाटभर स्वतःशीच निरनिराळ्या आवाजांत “बाळा” म्हणून पाहत होता… एकही आवाज आपला वाटेना. त्याच तंद्रीत कुसाबाईचे दार आले. त्याच तंद्रीत गाडगे उपडे झाले.

कुसाबाईने गाडग्यात डोकावून पाहिले होते. हे त्याला आता, पेरूच्या कुंपणाशी चालताना, स्वच्छ दिसले. आतल्या अंधारात तिची लेक मैना पडली होती, बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेली. तिचे पहिले मूल जन्मतःच गेले होते. ‘औंदा तळाची मूठ मोठी ठेवा हं,’ असे कुसाबाई महिनाभर दर खेपेला सांगत होती, आणि तो हसून ठेवीत होता.

छे, त्यात काय! थाप आपलीच. ज्याने बुजगावणे उभे केले त्यानेच त्याला भ्यायचे? सावळीराम हसला. हसू पुरते आलेच नाही. रस्ता पुढे धुरकट उन्हात विरघळत चालला होता, बैलगाडी आवाज न करता गेल्यासारखी गेली, आणि तिच्या धुळीतून त्याची आई आली… म्हणजे आली नाही, आठवली. गावी शाळेसाठी असेच गाडगे असे. आई मूठ टाकी, मग इकडेतिकडे पाही, मग चिमूटभर परत काढून घेई. तिच्याही नखात दाणा राही, आणि तो ती जिभेने काढी. दाराआडून त्याने हे पाहिले होते. आईने दिलेले खरे की घेतलेले खरे, हे त्याला तेव्हा कळले नव्हते, आणि त्याच गोष्टीवर पोट भरीत एवढे आयुष्य गेले तरी कळले नव्हते. मी कुठल्या मुठीतला आहे, टाकलेल्या की परत काढलेल्या? मी पोरांसाठी मागतो की पोरे दाखवून माझ्यासाठी?

उरलेली घरे त्याने तशीच सोडली. एका दिवशी एका दारी दोनदा जायचे नाही असा मुष्टिफंडाचा रिवाज होता, बायकांना तगादा वाटतो. तरी तो वळला. वळताना त्याने कारण ठरवले होते. कुसाबाईला सरळ सांगायचे, ते खोटे आहे, मी रचलेले आहे, घाबरू नको. ती चार घरी सांगेल, गाडगी परत येतील, वाटा बुडेल. बुडू दे.

कुसाबाई ओट्यावर बसली होती. गाडगे मांडीवर होते.

“या. मला वाटलंच तुमी माघारी येसाल.”

“मैना?”

“तुमी गेले आन् कळा सुरू झाल्या. सुईण आत बसली हाय. पोर लय घाबरली हाय, मुठीवाले.”

“गाडग्यात मूठ टाकली का?”

“म्या कशी टाकू?” तिने गाडगे त्याच्यापुढे केले. “तळ तुमच्या हातानं गेला, तुमच्याच हातानं यायला पाह्यजे ना.”

हे त्याने कधीच सांगितले नव्हते. थाप त्याच्यामागे आपली आपण वाढली होती, तिला नवे कोंब फुटले होते.

“कुसाबाई, ते राखणीचं… ते कुणाचं नाही. मीच म्हणालो होतो. मीच.”

“मंग? तुमीच तर सांगितलं.” तिने वर पाहिले. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसती भीती होती, आणि ती भीती आधाराला त्याच्याकडे आली होती. “तुमाला ठावं असंल. खरं हाय ना ते?”

आत मैना ओरडली. मग एकदम शांत झाले. पेरूच्या झाडावर पोपट होते, तेही थांबल्यासारखे झाले.

“माहीत नाही,” सावळीराम म्हणाला. हा आवाज कुणाचा, ते त्याला ओळखू आले नाही. घोगरा, बारीक, दाराआडून पाहणाऱ्या पोराचा.

त्याने झोळीत हात घातला. त्यात सगळे एकत्र झाले होते, सिताराबीचे तांदूळ, कुसाबाईची बाजरी, पोरांचे आणि त्याचे, काही निराळे करता येत नव्हते. त्याने भरलेली मूठ गाडग्यात नेली आणि सोडली. नखातला दाणा मात्र सुटेना. तो दुसऱ्या हाताच्या नखाने त्याला उकरू लागला, तोही आतच पडायला हवा होता, आत्ता लगेच. कुसाबाईने डोळे मिटले, हात जोडले, तिचे ओठ हलू लागले. त्यानेही डोळे मिटले. आतून काहीच ऐकू येत नव्हते. काहीतरी म्हणायला हवे होते, एक साधा शब्द, आतल्या पोरीसाठी, घरच्या पोरीसाठी… आणि इतकी वर्षे दारोदार मागत आलेल्या सावळीरामला मागायला सुरुवात कशी करतात तेच आठवेना.