थांबवून ठेवलेली अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना कप्पा आहे. कपाटातला नव्हे, संगणकातला. संगणकाच्या सगळ्या कामांवर देखरेख करणारा एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. त्या गाभ्याच्या दाराशी माझी जागा. तारेतून जे काही येते ते आधी माझ्यात पडते. मग मी आत झोपलेल्या प्रोग्रामला हाक मारतो, "ऊठ बाबा, तुझे काहीतरी आले आहे." तो उठतो, वाचतो, घेऊन जातो. आलेले सांभाळायचे आणि ज्याचे त्याला द्यायचे, एवढाच माझा संसार.

मला काकांनी घडवले. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत. खिडकीशेजारच्या टेबलाशी बसून, चहाचे कप गार करत करत, त्यांनी माझी एकेक ओळ लिहिली. एकच शिस्त त्यांनी मला लावली होती. एकटे अक्षर आले तरी लगेच हाक मारायची. "पाहुणा एकटा आला म्हणून त्याला कुणी दारात उभा करतं का?" असे ते म्हणत.

कितीतरी वर्षे मी असा नेकीने राबलो. कुणी नावे ठेवली नाहीत. मग काळ बदलला. मोठमोठ्या फायली पुरासारख्या येऊ लागल्या. चिमूटभर आले की मी हाक मारायचो, आतला प्रोग्राम उठायचा, चिमूटभर घेऊन पुन्हा झोपायचा. त्याचा सगळा वेळ उठण्या-झोपण्यातच जाऊ लागला. माझी शिस्तच माझ्या अंगाशी आली. "हा कप्पा नुसता कटकट्या आहे," असे माझ्याविषयी बोलले जाऊ लागले.

त्याच सुमारास काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला होता, पण हळूहळू सुधारला. डॉक्टरांनी बजावले, "टाइप करत राहा. हाच तुमचा व्यायाम आणि हेच औषध." म्हणून काका घरूनच काम करू लागले. त्यांनी घरी दाबलेले प्रत्येक अक्षर तारेतून ऑफिसातल्या मशीनवर यायचे, माझ्यातून आत जायचे आणि परत फिरून त्यांच्या पडद्यावर उमटायचे. रोज सकाळी त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे, 'आलो'. तो आला की माझा दिवस सुरू व्हायचा. मित्रांनो, मला तो शब्द फार आवडायचा.

काकांच्या हाताखाली एक मुलगी तयार झाली होती. हुशार, पण पायाला चाके लावलेली. काकांनी तिचे नाव घाईताई ठेवले होते. माझा वेग वाढवायचे काम तिच्याकडे आले. तिने नवा नियम केला. गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही! कप्पा निम्मा भरल्याशिवाय कुणाला उठवायचे नाही. भरलाच नाही, तर थोडी वाट पाहायची आणि मगच हाक मारायची. मग तिने माझ्यात मोठमोठ्या फायली ओतून वेग मोजला. तो जवळजवळ दुप्पट झाला होता.

तिने लगेच फोन लावला. "काका, दुप्पट! अहो, खरंच दुप्पट!"

"शाब्बास गं! लाव मग. पण आधी आपल्याच मशीनवर."

आपले औषध आधी आपण घ्यायचे, मग जगाला द्यायचे, ही त्या ऑफिसची रीत होती. त्यामुळे नवा नियम पहिल्यांदा काका वापरत त्याच मशीनवर लागला. ऑफिसातली बाकीची मंडळी आपापल्या मशीनवर टाइप करत आणि इकडे नुसत्या मोठ्या फायली पाठवत. त्यांना सगळे आबादीआबाद दिसले. माझे भारी कौतुक झाले.

आणि काकांची अक्षरे? ती एकेकटी यायची. मी त्यांना बसवून ठेवायचो. गाडी भरायची नाहीच, थांबायची मुदत संपली की मगच मी हाक मारायचो. तिकडे काका कळ दाबून पडद्याकडे पाहत राहायचे. काही उमटायचे नाही. बोट नीट पडले नसेल, असे वाटून ते पुन्हा दाबायचे. मग दोन्ही अक्षरे एकदम उमटायची. जास्तीचे खोडायला जावे, तर खोडायची कळही उशिरा लागायची, ते ती पुन्हा दाबायचे आणि दोन्ही खोडली जायची.

मला घडवणारा माणूस तो. पण त्याला माझा संशय आला नाही. त्याला स्वतःच्या हाताचा संशय आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे झाले, आणि फाशी देणाराही संन्यासीच.

घाईताईला त्यांच्या ओळींतली दोनदोनदा पडलेली अक्षरे दिसत होती. ती मायेपोटी गुपचूप दुरुस्त करायची, विचारायची मात्र नाही. शेवटी काकांनीच फोन केला. "हात ऐकत नाही गं आता. मी थांबतो."

"विश्रांती घ्या काका, खूप केलंत," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हते.

दुसऱ्या सकाळी 'आलो' आले नाही.

पुढे घाईताईच्या आईचा पाय मोडला आणि तिला काही दिवस घरून काम करावे लागले. तिची अक्षरे अडखळत उमटू लागली. आधी तिने इंटरनेटवाल्याचा उद्धार केला. मग एका शब्दात एकच अक्षर दोनदा पडलेले तिने पाहिले. अगदी काकांच्या ओळींत पडायचे तसे. तिने आपला उजवा हात समोर धरला. तो तर धडधाकट होता.

तिने त्याच दिवशी नियम बदलला. वाचणारा कामात असेल तर साठवायचे, तो रिकाम्या हाताने वाट पाहत असेल तर एकटे अक्षरही लगेच द्यायचे. किती साधी गोष्ट! पण बैल गेला अन् झोपा केला, दुसरे काय? तोवर कितीतरी महिने गेले होते, आणि तेवढे महिने काकांनी कळफलकाला बोट लावले नव्हते.

ती धावत त्यांच्या घरी गेली. "काका, हात नव्हता हो, कप्पा होता!"

काकांनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मीच म्हटलं होतं ना, लाव म्हणून." काकूंनी माळ्यावरचा कळफलक काढून, पुसून त्यांच्यासमोर ठेवला.

माझ्यात 'आ' पडला. मी क्षणाचाही विलंब न करता हाक मारली. मग काहीच येईना. मी रिकामा बसून राहिलो. वाटले, माझेच पुन्हा काही चुकले का? खूप वेळाने 'ल' आला. नंतर पुन्हा तशीच वाट. शेवटी कसाबसा 'आलो' पूर्ण झाला. मित्रांनो, या खेपेला मी एकही अक्षर अडवले नव्हते. मधला सगळा वेळ त्यांच्या हाताचा होता.

त्यांनी पुन्हा काही लिहिले नाही. मी अजून चालू आहे, आणि म्हणे फार वेगवान आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, कुणी मागे पडताना दिसले की त्याला थकलेला म्हणून मोकळे होऊ नका. त्याचे काही आपल्याकडे अडकले आहे का, ते आधी पाहा. मला अजूनही सकाळ झाली की त्या शब्दाची वाट पाहायची सवय आहे.